आठ पन्नासचं कुबड

१

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे थबकली तर माझ्या तोंडचं पाणी पळतं, आणि अनोळखी नंबरवरून फोन आला तर तो वाजून थांबेपर्यंत मी त्याच्याकडे नुसती बघत बसते. त्यामुळे गुरुवारी दुपारी यंत्रखोलीच्या दारावरचा लाल दिवा लुकलुकताना दिसला, तेव्हा मी पळूनच जायला हवं होतं. का नाही पळाले, ते मला अजून कळलेलं नाही.

गच्चीवर डबा खाऊन मी जरा लवकरच खाली आले होते, कारण वर वारा सुटला होता आणि मला वाऱ्याचीही भीती वाटते. कॉरिडॉर रिकामा होता. यंत्रखोलीच्या दाराला अगदी चिकटवून कागदाच्या खोक्यांची ढकलगाडी उभी होती, तिच्या चाकांना ब्रेक लावलेला होता. आतून फुस्स असा एकसारखा आवाज येत होता. मी ब्रेक काढला, गाडी ढकलली, दार ओढलं आणि आमचे सर माझ्या पायांवर कोसळले.

दाराला पाठ लावून बसले असणार. ओठ निळे पडले होते. मी किंचाळले ते सगळ्या मजल्याला ऐकू गेलं म्हणतात.

यंत्रखोलीत आग विझवायचा वायू सोडण्याची सोय आहे. बाहेर भिंतीवर काचेच्या झाकणाखाली बटण आहे. ते दाबलं की वायू आत शिरतो आणि श्वास घ्यायची हवा बाहेर ढकलतो. दिवा लागला की कुलूप आपोआप सुटतं, आतल्या माणसाने दार नुसतं ढकलायचं. ढकलगाडी आडवी नसती तर सर आपल्या पायांनी बाहेर आले असते.

अपघात नव्हता हे इन्स्पेक्टरना पाच मिनिटांत कळलं. दाराची नोंद त्यांनी लगेच मागवली. एक वाजून पाच मिनिटांनी दार सरांच्या कार्डाने उघडलं होतं. एक वाजून आठ मिनिटांनी पुन्हा उघडलं, ते माझ्या.

"मी गच्चीवर होते," मी म्हणाले.

"कुणी पाहिलं?"

कुणीच नाही. मी एकटीच जेवते.

"सर शुद्धीवर आले तर तेच सांगतील," इन्स्पेक्टर म्हणाले. "नाही आले, तर मी उद्या चार वाजता तुम्हाला न्यायला येईन. तोवर सगळ्यांनी रोजच्यासारखं कामावर यायचं."

मी डब्याची पिशवी छातीशी धरली. कारण त्यांना न सांगितलेली एक गोष्ट तिच्यात घडी करून ठेवलेली होती.

२

आम्ही काय करतो ते सांगते. इंटरनेटवर कुठलं नाव किती शोधलं गेलं, किती वेळा उघडलं गेलं, किती वेळा उतरवून घेतलं गेलं, हे आम्ही मोजतो. दर शुक्रवारी 'आठवड्याची जोडी' छापतो, म्हणजे एकमेकांशी काही संबंध नसलेल्या दोन गोष्टींची तुलना. लोकांना ती फार आवडते. गेले पाच आठवडे जोडी होती एका बिल्ड टूलची आणि एका सिम्युलेशन गेमची.

बिल्ड टूल म्हणजे प्रोग्रामरचं अवजार. त्याने लिहिलेले सुटे भाग जोडून चालणारं सॉफ्टवेअर तयार करायचं. आमच्या जोडीतल्या टूलचं नाव 'सांधा'. सिम्युलेशन गेम म्हणजे खरं काम खोटंखोटं करायचा खेळ, कुणी बस चालवतं, कुणी विमानतळ सांभाळतं. जोडीतला खेळ होता 'दीपगृह'. त्यात आपण समुद्रातल्या दिव्याचे रखवालदार असतो. काचा पुसायच्या, वात लावायची, नोंदवही लिहायची. यात कुणाला काय मजा येते देव जाणे, पण पहिल्याच आठवड्यात दीपगृहाने सांध्याला तीसपट मागे टाकलं होतं.

ऑफिसात आम्ही पाच जण. साहेब, सगळ्यांचे वरिष्ठ. सर, जे प्रत्येक आकडा तपासतात आणि ज्यांना पाठीमागे सगळे 'तराजू' म्हणतात. खेळांचा विभाग बघणारा चाळिशीचा गडी, त्याचं नाव अर्थातच 'खेळगडी'. यंत्रखोली, वीज, कागद, कॉफीचं मशीन असं सगळं सांभाळणारे दादा. आणि मी, अवजारांच्या विभागाची 'चाळणी'.

चाळणी, कारण बिल्ड टूलचे आकडे चाळावे लागतात. खेळ माणसं शोधतात, पण सांधा माणसांपेक्षा यंत्रंच जास्त उतरवून घेतात. जगभरचे हजारो कॉम्प्युटर दर तासाच्या ठोक्याला आपणहून सांध्याची नवी प्रत मागतात. आलेखात ते करवतीच्या दातांसारखे दिसतात. ते दात काढून खाली उरलेली माणसं मोजायची, हे माझं काम. सरांनीच शिकवलं.

सरांना एक खोड होती. वाईट आधी सांगायचं, मग पाण्याची बाटली तोंडाला लावायची, मग चांगलं. एकदा मला म्हणाले, "तुझं काम सोमवारपासून बंद." पाणी प्यायले. माझा इकडे जीव जायची पाळी. "जुन्या मशीनवरचं. नवं मशीन येतंय."

गुरुवारी सकाळी ते माझ्या टेबलाशी आले आणि एक छापील पान माझ्या हातात ठेवून म्हणाले, "हे जपून ठेव. घाबरू नकोस." घाबरू नकोस म्हटल्यावर मी घाबरलेच. पानावर जोडीच्या पहिल्या आठवड्याच्या, तासातासाच्या, दहा-दहा मिनिटांनी टिपलेल्या दोन रेषा होत्या. वरची दीपगृहाची, खालची सांध्याची, न चाळलेली. दोन्हींना दात होते.

खेळाच्या रेषेला दात! ज्या रेषेत यंत्रं असूच शकत नाहीत, तिला तासातासाला दात. म्हणजे कुणीतरी न चाळलेला सांधा उचलून, तीसपट फुगवून, दीपगृहाच्या नावावर चिकटवला होता. आणि तपासणारे सर सोडले तर न चाळलेला सांधा सबंध ऑफिसात एकाच माणसाला मिळतो.

मलाच. मग ते पान इन्स्पेक्टरना कसं दाखवणार? मी मावशीला फोन केला.

३

माझी मावशी बत्तीस वर्षं गणिताचे पेपर तपासत होती. कॉपी पकडण्यात तिचा हात कुणी धरत नसे. शुक्रवारी सकाळी साडेआठला ती माझ्या बरोबरच ऑफिसात आली. साहेब काही बोलायच्या आत म्हणाली, "ही एकटी बसली तर रडेल. मी कोपऱ्यात बसते, तुम्हाला माझा त्रास नाही." साहेबांनी मान हलवली. तिला नाही म्हणणं जमत नाही कुणाला.

कोपऱ्यात बसून तिने चष्मा चढवला आणि पान मांडीवर घेतलं.

"अगं, हा खेळ रविवारी कुणी खेळत नाही का?"

मी वाकून पाहिलं. दीपगृहाची रेषा सोमवारी सकाळी चढत होती, रोज दुपारी जेवणाच्या वेळी खचत होती आणि शनिवार-रविवार आडवी पडत होती. खेळ सुट्टीत खेळतात. कामाच्या दिवशी चढते ती अवजाराची रेषा.

"आम्ही फक्त आठवड्याची बेरीज छापतो," मी म्हणाले. "तासातासाचं सरांशिवाय कुणी बघत नाही. मावशी, दात दिसले ना? ते माझ्याकडेच येतात. मी मेले."

"ऊठसूट मरू नकोस. बरोबर उत्तर दोघांचं सारखं येतं, त्यात काही नाही. मी चुका बघायचे. चूक सारखी निघाली की कॉपी. पण त्याहून मजेची गोष्ट सांगू? कधी कधी कॉपीत असं काही सापडायचं, जे शेजारच्याच्या पेपरात नसायचंच." तिने नखाने एक जागा दाखवली. "हे काय आहे?"

कामाच्या दिवशी सकाळी, आठ पन्नासला, दीपगृहाच्या रेषेवर एक बारीकसं कुबड होतं. खालच्या सांध्याच्या रेषेवर त्या जागी काहीच नव्हतं.

"मी हे कधी पाहिलं नाही," मी म्हणाले.

"तेच तर. तुझ्याकडे आलेल्या सांध्यात कुबड नाही. चिकटवलेल्यात आहे. म्हणजे ज्या वहीवरून उतरवलं, ती वही तुझी नव्हे. तुझ्याही आधीची कुठली तरी." तिने कुबडाचा आकडा शोधायला लावला. रोज दोनशे दहा, कमी नाही की जास्त नाही. "आणि बुधवार, गुरुवार हे दोन दिवस सुट्टी नसूनही कुबडच नाही. बघ."

माझ्या अंगात थोडा जीव आला, आणि तेवढ्यात निघूनही गेला. मी नसेन, तर उरलेल्या तिघांपैकी कुणीतरी होतं. ते तिघे माझ्यापासून दहा पावलांवर बसले होते.

४

साहेबांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं ते आपणहून. माझ्याकडे न बघता मावशीशी बोलले.

"हे बघा, जोडीची कल्पना माझी. सगळीकडे वाहवा झाली. सर गेले तीन दिवस माझ्या मागे लागले होते, दुरुस्ती छापू म्हणून. कसली ते सांगेनात. म्हणाले, शुक्रवारी पान तयार करून देतो, मग बघा."

"तुम्हाला राग आला?"

"आला. पण मी गुरुवारी एक ते दोन वरच्या मजल्यावर बैठकीत होतो. अकरा माणसं होती." आणि मग एकदम खालच्या आवाजात, "बाई, हिनेच केलं असेल तर मला आधी सांगा. माझी छाती नाजूक आहे."

माझ्याच समोर!

खेळगडी आपल्या टेबलावर पाय वर घेऊन बसला होता. पाय हलत होते.

"दीपगृह मी शोधलेलं नाही, मी फक्त यादीत घातलं," तो म्हणाला. "आकडे यंत्रखोलीतून थेट येतात, मी बेरीज करतो आणि देतो. तासातासाचं कोण बघत बसेल?"

"खेळ बनवला कुणी?" मावशीने विचारलं.

"कुणास ठाऊक. एकट्याच माणसाचं काम आहे, नाव दिलेलं नाही. तीन वर्षं लागली असं तळाला लिहिलंय. यादीत यायच्या आधी सबंध जगात चाळीस लोक तो खेळत असतील, त्यातला मी एक. आता बघा ना, सगळीकडे दीपगृह." तो माझ्याकडे वळला. "चाळणे, मी कॅन्टीनला होतो. शपथ. पण कार्डाचं मला काही सांगता येत नाही. जेवताना आपण सगळेच कार्डं खुंटीवर टांगतो."

हे मात्र खरं होतं. कॉफी मशीनच्या वर पाच खुंट्या आहेत. कार्ड गळ्यात असलं की डब्यात बुडतं, म्हणून जेवायला जाताना सगळे ते तिथे टांगतात. सर तेवढे टांगत नसत. माझी खुंटी दाराकडून पहिली.

दादा कॉफी मशीनपाशीच होते. मशीन अडलं होतं. त्यांनी त्याच्या कुशीवर बोटाने टकटक केलं, नेहमीसारखं, आणि मशीन घरघरून चालू झालं. त्यांनी पहिला कप मला दिला.

"ताई, घ्या. रात्रभर झोपला नसाल." त्यांचे स्वतःचे डोळे सुजलेले होते. "सर चांगले माणूस हो. कोणी केलं असेल?"

गुरुवारी माझ्या किंकाळीवर पहिले धावत आले होते ते दादाच. सरांना उचलून खिडकीपाशी नेलं तेही त्यांनीच. मला ते थोरल्या भावासारखे.

"आकडे आधी तुमच्याकडे येतात ना?" मावशीने सहज विचारलं.

"माझ्याकडे कसले, मशीनमध्ये येतात. मी फक्त नाडी बघतो."

"नाडी?"

दादा हसले. "मोजणी जिवंत आहे का बघावं लागतं. रोज सकाळी आलो की सांध्याला हाका मारतो, म्हणजे त्याची प्रत मागून बघतो, तेवढ्या मोजल्या गेल्या की मशीन ठीक. मग माझ्या हाका वजा करतो आणि फाईल ताईंना पाठवतो. उगाच माझे आकडे लोकांच्यात नकोत."

"किती हाका मारता?"

दादांनी कप पुसता पुसता उत्तर दिलं, आणि माझ्या हातातली कॉफी सांडली.

"सात," ते म्हणाले. "सवय आहे."

दोनशे दहाला तिसाने भागलं, तर सात येतात.

५

"नुसत्या सातावर कुणाला फासावर देता येत नाही," मावशी कुजबुजली. "कुबड दोन दिवस नव्हतं. तेव्हा दादा रजेवर होते का ते बघायला हवं. हजेरीपट कुठे असतो?"

"साहेबांच्या केबिनमध्ये."

"मी आणते. आणि तू तो खेळ उघडून बघ जरा. चाळीस लोक ज्याला बघत होते त्याच्यासाठी एवढा उपद्व्याप कुणी का करावा, ते मला कळत नाहीये."

एक वाजला होता. साहेब केबिनमध्ये होते. खेळगडी कार्ड टांगून जेवायला गेला. मला एकटीला सोडू नकोस म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण तोवर मावशी निघाली होती.

खेळगड्याच्या खोलीत जाऊन त्याच्या कॉम्प्युटरवर मी दीपगृह उघडलं. करडा समुद्र, आणि त्यात एक उंच मनोरा. मी रखवालदाराला पायऱ्या चढवल्या. पाठीत जरासा वाकलेला, बाह्या दुमडलेल्या, कमरेला फडकं. तो वर पोचला, काच पुसली, वात लावायला हात पुढे केला आणि थांबला. मग काचेवर बोटाने टिचक्या मारल्या.

एक, दोन, तीन. मी मोजत होते. सात झाल्या आणि दिवा लागला.

हा माणूस मी रोज बघत होते. कॉफी मशीनपाशी, विजेच्या पेटीपाशी, अडलेल्या खिडकीपाशी. ज्याने हा खेळ बनवला, त्याने लहानपणापासून कुणाला तरी असं करताना पाहिलेलं होतं, आणि प्रेमाने पाहिलेलं होतं.

तेवढ्यात माझ्या पाठीमागे आवाज झाला. टक्.

मी वळले नाही. वळता येईना. टक्, टक्, टक्. दाराच्या काचेवर बोट वाजत होतं. मी मूर्खासारखी मोजत राहिले. सातावर आवाज थांबला.

"ताई," दादा म्हणाले, "तुम्ही पण खेळता?"

ते दारात उभे होते. त्यांच्या हातात तीच कागदाच्या खोक्यांची ढकलगाडी होती. त्यांची नजर माझ्यावर नव्हती, पडद्यावरच्या त्या वाकलेल्या माणसावर होती. मग त्यांनी गाडी आत घेतली, दारात आडवी लावली आणि पायाने ब्रेक दाबला.

६

त्या खोलीला एकच दार आहे. मी खुर्चीसकट मागे सरकत भिंतीला टेकले. ओरडायला गेले तर नुसतं ततपप झालं.

"मला फक्त बोलायचंय," दादा म्हणाले. "मावशी यायच्या आत. तुम्ही कुणाला सांगितलंत का?"

"काय... काय सांगायचं?"

"ताई, तुम्हाला खोटं बोलता येत नाही."

ते एक पाऊल पुढे आले. मला दिसत होतं की ते थरथरताहेत. पण घाबरलेला माणूस काय करू शकतो ते कालच मी पाहिलं होतं, आणि माझ्या मागे खिडकीसुद्धा नव्हती. आपलं आता सरांसारखं होणार, एवढंच मनात होतं. फुस्स असा आवाज कानांत सुरू झाला होता.

"दादा, गाडी बाजूला घ्या."

मावशीचा आवाज होता. ती दाराबाहेर उभी होती, काखेत हजेरीपट, आणि मागे डोळे विस्फारलेले साहेब. "प्रिंटर कालपासून कागद मागतोय. दिवा लुकलुकतोय बिचाऱ्याचा. एक खोकं द्या बघू इकडे."

का कोण जाणे, पण दादांनी ऐकलं. वीस वर्षं प्रिंटरला कागद तेच भरत आले होते, म्हणून असेल. त्यांनी ब्रेक काढला, खोकं उचललं, बाहेरच्या प्रिंटरमध्ये कागद भरला आणि झाकण लावून तिथेच उभे राहिले.

मावशीने मला खुर्चीतून उठवून आपल्या मागे घेतलं. मग तपासलेला पेपर मुलाला परत देताना बोलावं तशी ती बोलू लागली.

"खोटा आठवडा सांध्यावरून उतरवला, हे दातांवरून कळतं. पण तो माझ्या भाचीकडे आलेल्या सांध्यावरून नाही, कारण त्यात कुबड आहे आणि तिच्याकडच्यात नाही. तुमच्या सात हाका, दादा. त्या वजा व्हायच्या आधीची प्रत मशीनमध्ये असते, आणि ती उघडता तुम्हालाच येते. इतक्या वर्षांत त्या हाका तुमच्या इतक्या अंगवळणी पडल्या की उतरवताना दिसल्याच नाहीत. त्या आठवड्यात बुधवारी आणि गुरुवारी कुबड नाही. हजेरीपटात त्याच दोन दिवशी तुमची रजा आहे. कारण लिहिलंय, मुलगी दवाखान्यात."

दादांनी डोळे मिटले.

"तीन वर्षं एका खोलीत बसून बनवला तिने," ते म्हणाले. "कुणी बघेना. मग बोलणं सोडलं. मग जेवण सोडलं. त्या दोन दिवसांत सलाईन लावून पडली होती, आणि मला म्हणाली, बाबा, जगात कुणालाच नकोय का हो? मी काय सांगणार होतो? शुक्रवारी आलो आणि... एका आठवड्याचंच करणार होतो. यादी दाखवली तशी उठून बसली. अर्धी वाटी भात खाल्ला. मग पुढच्या आठवड्यातही केलं, त्याच्या पुढच्याही. चौथ्यापासून भीतीने हात लावला नाही, यादीही उघडून बघितली नाही."

"आणि काल?"

"काल कागद घेऊन येत होतो तर सर यंत्रखोलीत गेलेले दिसले. माझं कार्ड माझ्याच खिशात होतं की खुंटीवर, मला आठवेना. खुंटीवरचं हाताला लागलं ते घेतलं." पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमचं होतं ते नंतर कळलं, ताई."

हाताला लागलं ते! मी तुरुंगात जाणार होते, ते माझी खुंटी पहिली होती म्हणून. मला रागही आला आणि रडूही आलं.

"आत गेलो. सर म्हणाले, दादा, मला सगळं कळलंय. पहिले तीन आठवडे खोटे आहेत. मी छापणार. मी हात जोडले. ते काही बोलेनात. माझ्या डोळ्यांपुढे ती आली, पुन्हा ताट लोटताना. बाहेर आलो, दार लागलं, आणि हात बटणावर गेला. गाडी कधी लावली मला आठवत नाही. शपथ आठवत नाही."

"काही बोलेनात म्हणजे?" मी विचारलं. माझा आवाज मला कुणा दुसरीचा वाटला. "दादा, सर तेव्हा काय करत होते?"

"पाणी पीत होते."

प्रिंटर खडखडला. कागद मिळाल्याबरोबर तो आदल्या दिवशी अडलेलं काम करू लागला होता. एक पान बाहेर आलं. त्याच्या माथ्यावर वेळ होती, गुरुवार, बारा अठ्ठावन्न. त्याखाली सरांची टापटीप भाषा.

दादा सर्वांत जवळ होते. त्यांनी पान उचललं, वाचलं आणि ते जमिनीवरच बसले. पान मी त्यांच्या हातून घेतलं.

"दुरुस्ती. जोडीचे पहिले तीन आठवडे चुकीचे छापले गेले, क्षमस्व. चौथ्या व पाचव्या आठवड्यात दीपगृहाच्या रेषेला दात नाहीत, सकाळचं कुबड नाही. ती संध्याकाळी चढते, शनिवार-रविवारी सर्वांत उंच असते. ही माणसं आहेत. दीपगृह आता खरोखर खेळलं जात आहे आणि खोट्या आकड्यापेक्षाही जास्त. खेळ बनवणाऱ्याचं मनापासून अभिनंदन. चूक कोणाची, ते आम्ही घरातल्या घरात बघू."

या पानासाठी लागणारा कागद काल दादा ढकलगाडीवरून घेऊन येत होते.

७

चार वाजता इन्स्पेक्टर आले. दादा कुणी न सांगता उठले आणि त्यांच्या बरोबर गेले. जाताना त्यांनी मला मोजणीच्या मशीनची किल्ली दिली आणि म्हणाले, "सकाळी नाडी बघत जा."

सर रविवारी शुद्धीवर आले. आवाज फाटला होता, नळ्या लावल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. 

"मी फक्त पाणी प्यायला थांबलो होतो," ते म्हणाले.

दुरुस्ती आम्ही सरांच्या शब्दांत छापली. दीपगृह त्यानंतरही चढतंच आहे. ते बनवणारी कोण, हे आम्ही कुणालाच सांगितलेलं नाही. मावशी दर बुधवारी तिच्याकडे जाते. गणित शिकवायला म्हणते, पण डबा घेऊन जाते.

गेल्या सोमवारी खेळाची नवी आवृत्ती आली. ती सांध्यानेच जोडलेली आहे, आकड्यांत मला ते दिसलं. आठ पन्नासला मी यंत्रखोलीत गेले. दारात खुर्ची अडकवून ठेवते, ते आता मी कधी लावून घेत नाही. सात हाका मारल्या, सात वजा केल्या आणि मग टेबलाशी येऊन भीत भीत दीपगृह उघडलं.

रखवालदार पायऱ्या चढून वर आला. काच पुसली. टिचक्या मारायला बोट उचललं आणि तसाच उभा राहिला. मी बराच वेळ वाट पाहिली. शेवटी मीच पडद्याच्या काचेवर सात टिचक्या मारल्या, पण दिवा काही लागला नाही.